कात्रण बघून सही करायची का?

पत्र:

नमस्कार ताई,

आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो. २८ फ्लॅटची सोसायटी आहे. तीन आठवड्यांपूर्वी आमच्याकडे येतो त्या पेपरात पहिल्या पानावर बातमी आली, ‘उच्चभ्रू सोसायटीत नशेचा अड्डा?’ नाव छापलं नव्हतं, पण ‘गंगापूर रोडवरील बँकेच्या वरच्या इमारतीत राहणाऱ्या बड्या अधिकाऱ्याचा मुलगा’ असं लिहिल्यावर कोणाला कळणार नाही? मुलगा आमच्या वरच्याच मजल्यावरचा, २२ वर्षांचा. बातमीच्या आदल्या दिवशी सकाळी पोलीस त्याला घेऊन गेले हे खरं, संध्याकाळी घरी सोडलं हेही खरं. नंतर पेपरात काहीच आलं नाही. ग्रुपवर मात्र कात्रण अजून फिरतंय, वर ‘आपल्या सोसायटीत ड्रग्जचा अड्डा होता’ असं लिहून. आता ‘या कुटुंबामुळे सोसायटीची बदनामी होत आहे, त्यांनी फ्लॅट रिकामा करावा’ असं पत्र तयार झालंय. २२ सह्या झाल्या. येत्या रविवारी मीटिंग आहे. आमचे मिस्टर सेक्रेटरी आहेत. ते म्हणतात, आगीशिवाय धूर निघत नाही, आणि २२ जण काय वेडे आहेत? गेल्या वर्षी माझं ऑपरेशन झालं तेव्हा त्या मुलाच्या आईने मला बारा दिवस डबा दिला होता. शेवटचा डबा माझ्याकडेच राहिलाय. आता तो द्यायला जायचीही हिंमत होत नाही. मी सही करू का? आणि तीस वर्षं घेतोय तो पेपर बंद करू का?

एक वाचक, नाशिक

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

सही करू नका. रविवार तोंडावर आलाय म्हणून हे आधीच सांगून टाकते. का करू नका ते आता निवांत सांगते, कारण मिस्टरांना उत्तर तुम्हाला द्यायचंय, मला नाही.

तुम्ही कात्रणाचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. मी एका पेपरात अकरा वर्षं रात्रपाळीला उपसंपादक होते. बातमी हातात आली की आधी क्रियापदं शोधायची, ही खोड अजून सुटलेली नाही. तुमच्या कात्रणात ती अशी आहेत: ‘समजते’, ‘चर्चा आहे’, ‘बोलले जात आहे’, ‘सूत्रांनी सांगितले’, आणि पुन्हा एकदा ‘समजते’. एकाही पोलीस अधिकाऱ्याचं नाव नाही. गुन्हा नोंदवला का, कोणत्या कलमाखाली, काही नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ‘जप्त’ हा शब्दच नाही. ताई, अमली पदार्थांच्या बातमीत पहिली ओळ किती ग्रॅम आणि किती रुपयांचा माल यावरच असते. पोलीस तो आकडा स्वतःहून देतात, टेबलावर पुड्या मांडून फोटोसकट देतात. इथे ग्रॅमही नाही आणि रुपयाही नाही. म्हणजे बातमीदाराच्या हाती एवढंच होतं: एका मुलाला चौकशीला नेलं. बाकीचा परिच्छेद डेस्कवर फुगवलाय.

आणि मथळ्यातलं ते प्रश्नचिन्ह. ते वाचकासाठी नसतं, वकिलाच्या नोटिशीसाठी असतं. ‘नशेचा अड्डा’ असं ठामपणे छापलं तर पुरावा द्यावा लागेल, म्हणून शेवटी प्रश्नचिन्हाचा आकडा वळवून ठेवायचा. वाचणाऱ्याला तो दिसत नाही. ग्रुपवर तुमच्या शेजाऱ्यांनी काय टाइप केलं ते तुम्हीच लिहिलंय: ‘आपल्या सोसायटीत ड्रग्जचा अड्डा होता.’ गेलं प्रश्नचिन्ह!

त्याच कात्रणात एक वाक्य आहे, ‘या प्रकाराने परिसरात एकच खळबळ उडाली आहे.’ हे वाक्य मी माझ्या हाताने किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही. पहिल्या मजल्यावर, पंख्याखाली बसून, चहा पीत. अकरा वर्षांत मी एकदाही खळबळ डोळ्यांनी पाहिलेली नाही. ती आम्ही रात्री लिहायचो आणि सकाळी पेपर पडला की उडायची.

आता माझीच एक गोष्ट सांगते. फुशारकीची नाही, उलट आहे.

तालुक्याच्या गावाहून वार्ताहराची बातमी आली होती. एका पतसंस्थेत काही रकमेचा मेळ लागत नव्हता आणि संचालकांनी कारकुनाविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. एवढंच. बातमी दोन कॉलमी लावायची होती. ‘पतसंस्थेच्या कारकुनाविरुद्ध तक्रार दाखल’ हा मथळा दोन कॉलमांत बसेना आणि बसला तरी मेल्यासारखा दिसत होता. पान सोडायला वीस मिनिटं राहिली होती. मी लिहिलं, ‘तिजोरीवर कारकुनाचाच डल्ला’. चपखल बसला. रात्रपाळीच्या वरिष्ठांनी ‘वा’ म्हटलं आणि मला झोपेपर्यंत तो ‘वा’ पुरला.

काही महिन्यांनी तो कारकून ऑफिसात आला. हिशेब तपासणीत निघालं की दोन शाखांमधली एक नोंद चुकीच्या खात्यावर पडली होती, पैसे कुठे गेलेच नव्हते. माणूस पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात कागदी पाकीट. त्यात ते कात्रण, घड्यांवर चिकटपट्टी लावलेलं. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. त्याने कात्रण टेबलावर सरळ केलं, मथळ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “बाई, हा ‘च’ का लावलात तुम्ही?”

‘डल्ला’बद्दल त्याने विचारलं नाही. ‘च’बद्दल विचारलं. ‘कारकुनाचा’ असतं तर निदान आरोप वाटला असता. ‘कारकुनाचाच’ म्हटल्यावर निकाल लागला होता, शिवाय वर विश्वासघाताची फोडणी. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ओळ भरायला एक अक्षर कमी पडत होतं, हे खरं उत्तर कोणत्या तोंडाने देणार? आम्ही खुलासा छापला. पाचव्या पानावर, खाली, चार ओळी. मूळ बातमी पहिल्या पानावर होती. त्याची बदली दूरच्या शाखेत झाली होती आणि मुलीचं ठरत आलेलं लग्न लांबलं होतं, हे त्याने जाता जाता सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही. म्हणून तर ते मनात राहिलं.

त्यामुळे ‘पेपरवाले उगाच कशाला छापतील’ असं कोणी म्हणालं की मला तो ‘च’ आठवतो. उगाच नाही छापत. पान भरायचं असतं. सकाळी विक्रेत्याच्या टपरीवर घडी घातलेल्या पेपरचा फक्त वरचा अर्धा भाग दिसतो, तेवढ्यात शेजारच्या गठ्ठ्यावर मात करायची असते. बातमी सहसा खोटी नसते. तिच्यातला कोण चोर आणि कोण साव, हे मात्र मथळा लावणाऱ्याने तुमच्याआधी ठरवलेलं असतं.

आता मिस्टरांचा दुसरा मुद्दा, २२ जण वेडे आहेत का. वेडे नाहीत. पण २२ जणांनी एकच कात्रण वाचलंय, म्हणजे मतं २२ असली तरी माहिती एकाचीच आहे.

मिस्टरांना नानावटी खटला माहीत असेलच, आपल्या पिढीला घराघरांतून ऐकून माहीत आहे. २७ एप्रिल १९५९, मुंबई. कमांडर कावस नानावटी, आयएनएस म्हैसूर या युद्धनौकेवरचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. पत्नी सिल्व्हियाने दुपारी घरी सांगितलं की तिचे प्रेम आहुजा या मोटारींच्या व्यापाऱ्याशी संबंध आहेत. नानावटींनी तिला आणि मुलांना मेट्रो थिएटरला सोडलं. मग बोटीवर जाऊन, खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या. आहुजाच्या ऑफिसात गेले, तिथे तो नव्हता, म्हणून त्याच्या घरी गेले. तीन गोळ्या झाडल्या आणि स्वतःच पोलिसांत हजर झाले.

त्या वेळी मुंबईत रुसी करंजियांचं ‘ब्लिट्झ’ हे साप्ताहिक जोरात होतं. ते उघड नानावटींच्या बाजूने उभं राहिलं आणि आठवड्यामागून आठवडे तीच आघाडी लढवत राहिलं. एकीकडे पांढऱ्या गणवेशातला देखणा, देशासाठी समुद्रावर जाणारा अधिकारी. दुसरीकडे त्याच्या पाठीमागे त्याच्या घरात शिरलेला पैसेवाला, छंदीफंदी माणूस. चार आण्यांचा अंक दोन रुपयांना विकला गेल्याचं अजून सांगतात. फेरीवाले ‘आहुजा टॉवेल’ आणि ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ची खेळणी विकायचे असंही सांगतात. टॉवेल का, तर गोळ्या लागल्या तेव्हा आहुजा नुकताच न्हाणीघरातून आला होता आणि त्याच्या अंगावर टॉवेल होता. झटापट होऊन गोळ्या सुटल्या असं नानावटींचं म्हणणं होतं. एवढी झटापट होऊन टॉवेल जागचा हलला नाही कसा, हा सरकारी पक्षाचा सवाल. भर बाजारात त्या टॉवेलची चेष्टा झाली. आणि मेलेला माणूस संपादकांना खुलासा पाठवत नाही.

ज्यूरीत नऊ जण. आठ विरुद्ध एक मतांनी त्यांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. सेशन्स जज रतिलाल मेहता यांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. ज्यूरीने ‘ब्लिट्झ’ वाचूनच निकाल दिला, असं मी म्हणणार नाही. हायकोर्टाने बोट ठेवलं ते जजसाहेबांनी ज्यूरीला कायदा नीट समजावून न दिल्यावर. (या खटल्यामुळेच आपल्याकडची ज्यूरी बंद झाली, हेही सगळे छातीठोकपणे सांगतात. खटल्याच्या आदल्याच वर्षी विधी आयोगाने ज्यूरी नको म्हणून शिफारस केली होती. पण ‘एका खटल्याने ज्यूरी बुडाली’ हा मथळा बसतो चांगला.) मार्च १९६० मध्ये हायकोर्टाने जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी ती स्थगित केली.

मला यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? सुप्रीम कोर्टाचा २४ नोव्हेंबर १९६१ चा निकाल. त्यात गणवेश नाही, छंदीफंदी नाही. त्यात घड्याळ आहे. नानावटी घरून निघाले दीड वाजता, खून झाला चार वाजून वीस मिनिटांनी. जवळजवळ तीन तास. एवढा वेळ राग आवरायला पुरेसा होता, तेव्हा ‘अचानक आणि गंभीर चिथावणी’ हा बचाव चालणार नाही. जन्मठेप कायम. हे दीड आणि चार वीस खटल्यात पहिल्यापासून होते. गल्लीबोळांत मात्र ते आकडे कोणाला नको होते, कारण माणूस आधीच आवडून गेला होता. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. त्याआधी आहुजाची बहीण मामी हिची लेखी संमती घेतली होती. ज्या काळात सगळं शहर तिच्या भावावर हसत होतं, त्या काळात ही बाई रोज सकाळी पेपर उघडत असेल का, असं मला अधूनमधून वाटतं.

तिथे पेपरने एकाला नायक केलं, तुमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाला खलनायक केलंय. घड्याळ दोन्हीकडे कोणी बघितलं नाही. तुमच्याकडे घड्याळ आहे: सकाळी नेलं, संध्याकाळी सोडलं. हे तुम्ही पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलात. सह्यांच्या कागदावर ती ओळ आहे का?

एक मात्र स्पष्ट करते. मुलगा धुतल्या तांदळासारखा आहे असं मी म्हणत नाही. असेलही त्याचं काही चुकलेलं, मला इथे बसून ते कळत नाही. तसंच ते सह्या करणाऱ्या २२ जणांनाही कळत नाही, एवढंच.

पेपर बंद करू का, हा तुमचा दुसरा प्रश्न. लोकांनी बंद केलेले आहेत पेपर, आणि चार दिवसांसाठी नाही. इंग्लंडमध्ये १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियमवर फुटबॉलच्या सामन्यात चेंगराचेंगरी झाली. मृतांचा आकडा आज ९७ धरला जातो, सगळे लिव्हरपूलचे पाठीराखे. चौथ्या दिवशी ‘द सन’ या पेपरने पहिल्या पानावर भलामोठा मथळा दिला, ‘सत्य’. खाली मजकूर काय, तर पाठीराख्यांनी मेलेल्यांचे खिसे मारले, मदत करणाऱ्या पोलिसांवर लघवी केली. हे सांगणारी सूत्रं कोण होती? पोलीस आणि एक खासदार. म्हणजे गर्दी हाताळण्यात ज्यांची चूक होती, त्यांच्याच बाजूचे लोक. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने ते आरोप निराधार ठरवले तेव्हा त्या पेपरने पहिल्या पानावर माफी मागितली, २३ वर्षांनी. २०१६ मध्ये मृत्यूंच्या चौकशीत ज्यूरीनेही सांगितलं, पाठीराख्यांचा दोष नाही. लिव्हरपूलमध्ये कित्येक दुकानांत तो पेपर आजही ठेवत नाहीत.

तेव्हा बंद करायचा तर खुशाल करा. पण माझं ऐकाल तर आधी एक पत्र लिहा संपादकांना. ‘अमुक तारखेला ही बातमी छापलीत, पुढे काय झालं ते छापलं नाहीत, तीस वर्षांची वाचक म्हणून विचारते.’ नाव-पत्त्यासकट लिहा आणि ईमेलपेक्षा कागदावर लिहा. आमच्या डेस्कवर असं जुन्या वाचकाचं हाताने लिहिलेलं पत्र आलं की दिवसभर अस्वस्थता असायची, नोटिशीने यायची त्याहून जास्त. नोटीस वकिलाकडे पाठवून मोकळं होता येतं.

त्या कुटुंबाला स्वतःला काही करायचं असेल तर त्यांच्यासाठी थोडी माहिती. आधी संपादकांकडे लेखी खुलासा मागायचा. दाद मिळाली नाही तर दिल्लीच्या प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिकाच्या बाबतीत बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते, त्यातले तीन आठवडे गेलेच आहेत. कौन्सिल दंड करू शकत नाही, समज देते, ताशेरे ओढते. दात नसलेली आजीबाई म्हणतात तिला, पण आजीने चारचौघांत बोललेलंही कधीकधी लागतं. मात्र हे त्यांना न विचारता तुम्ही परस्पर करू नका. बातमी पुन्हा उकरली जावी की नको, हे त्यांनी ठरवायचं.

आता मिस्टरांसाठी, सेक्रेटरी म्हणून. फ्लॅट त्या कुटुंबाच्या मालकीचा आहे असं दिसतं. सह्यांचा कागद देऊन सभासद निघत नाही. सहकारी संस्था कायद्याप्रमाणे त्यासाठी खास सर्वसाधारण सभा बोलवावी लागते, हजर सभासदांची तीन चतुर्थांश मतं लागतात, त्या माणसाला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते आणि वर निबंधकांची मंजुरी लागते. तेही सभासदाने संस्थेचं अहित केलं असेल तर. त्याच्या मुलाबद्दल पेपरात ‘समजते’ असं छापून आलं, हे अहित कोणत्या नियमात बसवणार? उलट ‘यांच्या मुलामुळे सोसायटीची बदनामी’ असं लेखी देऊन २२ जणांनी सह्या केल्या असतील, तर अब्रुनुकसानीचा दावा सोसायटीवरच येऊ शकतो आणि पहिली नोटीस सेक्रेटरीच्या नावाने येईल. हे शेवटचं वाक्य जरा सावकाश, जेवण झाल्यावर सांगा. नीतीच्या गोष्टींपेक्षा ते लवकर पोचेल.

रविवारच्या मीटिंगमध्ये भाषण करू नका. जमणार नाही आणि ‘डबा खाल्लाय ना’ म्हणून कोणीतरी टोमणाही मारेल. कागद फिरत तुमच्यापर्यंत आला की एकच विचारा: “गुन्हा नोंदवलाय का? पोलीस स्टेशनला कोणी विचारलं?” सेक्रेटरी पोलीस स्टेशनला जाऊन विचारू शकतात. जाऊन आले नसतील तर उत्तर येईपर्यंत विषय तहकूब ठेवा, असं इतिवृत्तात लिहून घ्या. लोक हो म्हणतील. २२ जणांत सात-आठ तरी तुमच्यासारखेच असतील, सही करून घरी आल्यावर चुळबूळ करणारे.

आणि तो डबा रविवारच्या आधी नेऊन द्या. रिकामा नका देऊ, आपल्यात तसा देत नाहीत. मूठभर साखर घातलीत तरी चालेल. जिना चढताना काय बोलायचं याची तयारी करू नका. दार त्या उघडतील, ‘अगं, किती दिवसांनी’ म्हणतील, नाहीतर काहीच म्हणणार नाहीत. दोन्हीची तयारी असू द्या.